गिटार शिकताना आपले वाजवणे ऐकणार कोण?

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपले वय ३८, राहणे रत्नागिरीत, नोकरी शाळेत. लहानपणी हार्मोनियम शिकून आपण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत. आठ महिन्यांपूर्वी अकूस्टिक गिटार घेतली आणि तेव्हापासून व्हिडिओ पाहून आपण शिकत आहात. सी, जी, डी, ई मायनर आणि ए मायनर या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) येतात; एफ लागत नाही, कॉर्ड बदलताना गाणे अडते आणि गाता गाता वाजवणे मुळीच जमत नाही. जवळच्या क्लासमध्ये दहा जणांची तुकडी आहे आणि त्यात बहुतेक शाळकरी मुले आहेत. दुसरा पर्याय ऑनलाइन शिक्षकाचा आहे. क्लास लावावा की स्वतःच शिकत राहावे, आणि या वयात हे जमेल का, असे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे गिटार शिकवतो. केवळ व्हिडिओ पाहून उत्तम वाजवू लागलेले लोक मला भेटले आहेत, तसेच तीन-चार वर्षे नियमाने क्लासला जाऊनही एक गाणे सलग वाजवू न शकणारेही भेटले आहेत. त्यामुळे क्लास की स्वतः, या दोन शब्दांत हा प्रश्न मावतो असे मला वाटत नाही. कॉर्डचे आकार, स्ट्रमिंगचे (तारांवर हात फिरवण्याचे) प्रकार, गाण्यांच्या कॉर्ड ही सर्व माहिती आज फुकट मिळते आणि तिचा दर्जाही पुष्कळदा चांगला असतो. उणीव राहते ती एकाच गोष्टीची: आपण वाजवलेले कोणी ऐकत नाही आणि आपला हात कोणी पाहत नाही. व्हिडिओतील शिक्षक आपल्याला दिसतो, पण त्याला आपण दिसत नाही. आपल्या तिन्ही अडचणी नेमक्या या उणिवेतून आलेल्या आहेत, असे माझे मत आहे.

अर्थात हे सर्वांना सारख्या प्रमाणात लागू होत नाही. ज्याला नायलॉनच्या तारांवर पाश्चात्त्य अभिजात पद्धतीची गिटार शिकायची आहे, त्याने पहिल्या दिवसापासून शिक्षकाकडेच जावे, असे मी निःसंकोच सांगतो. उजव्या हाताच्या बोटांची ठेवण, नखांचा आकार आणि नोटेशनचे वाचन या गोष्टी एकट्याने बसवणे फार कठीण आहे. तारांवर स्लाइड (गुळगुळीत कांडी) सरकवत राग वाजवण्याची ब्रिजभूषण काब्रा किंवा विश्वमोहन भट्ट यांची वाट ज्याला धरायची असेल, त्याला तर गुरूवाचून गत्यंतर नाही. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संस्थांच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील, तर तो अभ्यासक्रम माहीत असलेला शिक्षक लागतो. आपला हेतू मात्र स्वतःच्या गाण्याला साथ करण्याचा आहे, आणि त्या हेतूसाठी बराचसा प्रवास स्वतः करता येतो. शिवाय आपला कान तयार आहे. सूर उतरलेला आपल्याला कळतो आणि मात्रा मोजता येतात. कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्याला मी जे सांगितले असते, त्याहून आपल्याला दिलेले उत्तर म्हणूनच वेगळे आहे.

आता अडचणींकडे वळतो. पहिली एफची. ही कॉर्ड लागत नाही म्हटल्यावर बहुतेक जण बोटांना दोष देतात, पण माझ्याकडे असा विद्यार्थी आला की मी आधी गिटार हातात घेतो. आपणही एक सोपी तपासणी करून पाहा. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात) दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार व धातूची पट्टी यांमध्ये किती जागा उरते ते पाहा. तिथे कागद जाईल एवढीच फट असायला हवी. फट त्याहून बरीच मोठी असेल, तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच राहिलेल्या आहेत, आणि अशा गिटारवर पहिल्या फ्रेटवरची एफ अनुभवी माणसालाही जड जाते. दुसरी खूण अशी की, पहिल्या फ्रेटवर कापो (सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून एफचा तोच आकार दुसऱ्या फ्रेटवर धरला आणि तो एकाएकी सोपा वाटला, तर दोष नटचाच समजावा. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर मोजपट्टीने तारेची उंची मोजा. सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर असावे. साडेतीनच्या वर गेले असेल, तर गिटार कारागिराकडे नेऊन सेटअप (तारांची उंची जुळवण्याचे काम) करून घ्यावा. कोकणातील पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषून फुगते, गिटारचे पोट वर येते आणि त्याबरोबर तारा जिथे अडकवलेल्या असतात तो ब्रिजही उचलला जातो, म्हणून जूनमध्ये ठीक असलेली गिटार ऑगस्टमध्ये जड वाटू शकते. ती भिंतीवर टांगून न ठेवता बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. तारा बाराच्या गेजच्या (जाडीच्या) असतील, तर दहाच्या लावाव्यात. बोटांना पहिल्याच दिवशी फरक जाणवेल.

गिटार निर्दोष आहे असे ठरल्यावर मग हाताकडे पाहावे. एफमध्ये तर्जनी सहाही तारांवर आडवी ठेवायची असली, तरी तिने प्रत्यक्षात तीनच तारा वाजवायच्या असतात: सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तिन्ही तारा इतर बोटे पुढच्या फ्रेटवर दाबत असतात, त्यामुळे तर्जनीचा मधला भाग घट्ट दाबण्यात घालवलेली शक्ती वाया जाते. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करून तिची हाडाची कड तारांवर आणावी, कारण बोटाच्या मऊ आतल्या बाजूला पेरांच्या घड्या असतात आणि तार नेमकी त्यांत जाऊन बसते. बोट धातूच्या पट्टीला जवळजवळ चिकटलेले असावे. अंगठ्याने मागून चिमटा काढण्याऐवजी कोपर शरीराकडे थोडे ओढून हाताचा भार मागे येऊ द्यावा. हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर बसवावा. तिथे तो ए मेजर होतो आणि तार मऊ लागते. तिथून एकेक फ्रेट मागे येत पहिल्यापर्यंत पोहोचायला काही आठवडे लागले, तरी ते योग्यच आहे.

हे सर्व वाचून करता येते, असे आपण म्हणाल, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण कोपर खरोखर आत आले आहे का, खांदा नकळत वर उचलला जातो आहे का, अंगठा गिटारच्या मानेच्या वर चढला आहे का, हे वाजवणाऱ्याला स्वतःला कळत नाही, कारण त्याचे सारे लक्ष बोटांच्या टोकांवर असते. समोर बसलेल्या माणसाला ते काही क्षणांत दिसते.

दुसरी अडचण कॉर्ड बदलण्याची. आपण जी कॉर्ड कोणत्या बोटांनी धरता, हे लिहिलेले नाही, पण माझा अंदाज असा की सहाव्या तारेवर मधले बोट, पाचवीवर तर्जनी आणि पहिलीवर अनामिका. अनेक व्हिडिओंत जी अशीच शिकवतात आणि ती धरायला सोपी आहे. मात्र तिथून सीवर जाताना तिन्ही बोटे उचलून नव्या जागी टाकावी लागतात, आणि गाणे नेमके तिथे अडते. त्याऐवजी जीमध्ये सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका, पाचवीच्या दुसऱ्यावर मधले बोट आणि पहिलीच्या तिसऱ्यावर करंगळी ठेवून पाहा. आता सीवर जायचे, तर अनामिका आणि मधले बोट एकमेकांशी असलेले अंतर न बदलता फक्त एकेक तार पुढे सरकतात, करंगळी उचलली जाते आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर येऊन बसते. करंगळीला पहिले काही दिवस त्रास होतो, पण नंतर हा बदल इतका सहज होतो की पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळावेसे वाटत नाही. सी आणि ए मायनर यांच्यात तर एकटी अनामिका हलते, पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर. तर्जनी आणि मधले बोट जागचे उचलूच नये. तरीही स्वतः शिकणारे बहुतेक जण तिन्ही बोटे हवेत नेऊन पुन्हा खाली आणतात, कारण व्हिडिओत त्यांनी दोन्ही आकार वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या चित्रांसारखे पाहिलेले असतात. चांगल्या शिक्षकाचा उपयोग इथे दिसतो. तो विद्यार्थ्याला नवी कॉर्ड देण्याआधी, तिच्याकडे हात कोणत्या वाटेने जातो हे पाहतो.

या बदलांचा सराव घड्याळ लावून करावा. एका मिनिटात सी आणि जी यांच्यात स्वच्छ बदल किती झाले ते मोजून वहीत लिहावे. तीसच्या आसपास संख्या आली की संथ गाणी वाजवता येतात, साठपर्यंत गेली की त्या दोन कॉर्डचा विचार करावा लागत नाही. ही संख्या रोज वाढणार नाही, पण दर आठवड्याला पाहिली तर वाढलेली दिसते.

तिसऱ्या अडचणीत, म्हणजे गाता गाता वाजवण्यात, आपले पूर्वीचे शिक्षण फार कामाला येईल, आणि त्याचा आपण अद्याप उपयोग केलेला दिसत नाही. आपली बरीचशी भावगीते आणि जुनी चित्रपटगीते केरवा किंवा दादरा या तालांत बांधलेली आहेत. स्ट्रमिंगच्या बाणांचे तक्ते बाजूला ठेवा आणि केरव्याच्या आठ मात्रा तोंडाने म्हणा. एक, तीन, पाच, सात या मात्रांवर हात खाली येतो. दोन, चार, सहा, आठवर वर जातो. हात मात्र एकदाही थांबवायचा नाही. एखाद्या मात्रेवर आवाज नको असेल, तर हात तारांना न लागता हवेतून जाऊ द्यायचा. सगळे स्ट्रमिंगचे प्रकार यातूनच तयार होतात. हे बसले की मात्रा मोजण्याऐवजी गाण्याचे शब्द नुसते बोलावेत, सूर न लावता, आणि फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एक स्ट्रोक द्यावा. त्यानंतर सम आणि पाचवी मात्रा, मग खालचे सर्व स्ट्रोक, मग पूर्ण हात, आणि शेवटी गाणे. डावा हात कॉर्ड शोधत असेल, तोवर गळा मोकळा होणार नाही, म्हणून हा सराव दोन किंवा तीन कॉर्डच्या गाण्यावरच करावा.

स्वराचे तसेच. सी हा षड्ज मानला, तर सी कॉर्ड म्हणजे सा ग प, एफ म्हणजे म ध सा, आणि जी म्हणजे प नि रे. या तिन्हींत मिळून सातही शुद्ध स्वर येतात, आणि म्हणूनच शुद्ध स्वरांतल्या अनेक साध्या चाली एवढ्या तीन कॉर्डवर निभतात. आपला सूर हार्मोनियमवरची काळी एक असेल, तर पहिल्या फ्रेटवर कापो लावून सीचेच आकार धरावेत. काळी दोनसाठी कापो तिसऱ्यावर न्यावा. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गात असाल, तर जीला षड्ज धरून, म्हणजे जी, सी आणि डी या कॉर्डवर, कापो अनुक्रमे पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेटवर ठेवावा. या मांडणीत एफ लागतही नाही, त्यामुळे एफ बसेपर्यंत गाणी थांबवून ठेवण्याचे कारण उरत नाही. पाश्चात्त्य पद्धतीने शिकवणारा तरुण शिक्षक हे या शब्दांत सांगणार नाही, आणि त्याला काळी-पांढरीची भाषा ठाऊक नसणेही शक्य आहे. आपण ती त्याला सांगावी; दोघांचेही काम सोपे होईल.

आता क्लासविषयी. एका तासात दहा विद्यार्थी असतील, तर शिक्षकाने प्रत्येकाकडे समान लक्ष दिले तरी आपल्या वाट्याला सहा मिनिटे येतात, आणि मुलांचा क्लास असल्यामुळे गाणी व वेग त्यांच्या सोयीने ठरणार. तुकडीत शिकण्याचा एक खरा लाभ आहे, तो म्हणजे इतरांबरोबर लयीत राहावे लागते. पण तो लाभ कॉर्ड बदलता येऊ लागल्यानंतरचा आहे. आज आपल्याला एकटीने, समोरासमोर घेतलेल्या शिकवणीची गरज आहे, आणि ती आठवड्याला दोनदा नको. पंधरा दिवसांतून एकदा, असे सहा ते आठ वेळा पुरेसे होईल. दोन भेटींमधल्या काळात सांगितलेली एक दुरुस्ती हातात मुरायला वेळ मिळतो. रोज नवे सांगितले गेले, तर काहीच मुरत नाही. त्या क्लासच्या शिक्षकांनाच स्वतंत्र वेळ मागून पाहावी. अनेक जण आनंदाने देतात.

प्रत्यक्ष शिक्षक मिळाला नाही, तर ऑनलाइन शिकवणी चालेल, पण तिची मर्यादा आधी समजून घ्यावी. आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही, म्हणून शिक्षकाने साथीचे रेकॉर्डिंग आधी पाठवावे आणि आपण त्यावर वाजवून दाखवावे. झूमसारखी साधने बोलण्याशिवायचा आवाज गोंगाट समजून दाबतात, त्यामुळे गिटारचा नाद तुटक ऐकू येतो. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावा. मोबाइल चेहऱ्यासमोर न ठेवता गिटारच्या मानेच्या बाजूला, थोडा खाली ठेवावा, म्हणजे अंगठा आणि मनगट दोन्ही दिसतात.

स्वतः शिकून मोठ्या झालेल्या कलावंतांची उदाहरणे अशा वेळी हटकून दिली जातात, आणि त्यांत अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचे नाव पहिले असते. त्याने औपचारिक शिक्षण घेतले नव्हते हे खरे आहे. पण १९६२ ते १९६६ या काळात तो आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड यांच्यासारख्या गायकांच्या मागे साथीला वाजवत फिरत होता. तिथे लय चुकली तर रात्रीच्या कार्यक्रमातच कळत असे. ऐकणारे कान त्याच्याभोवती रोज होते. आपल्यासारख्या नोकरी आणि घर सांभाळून खोलीत एकट्याने वाजवणाऱ्या व्यक्तीजवळ ते नसतात, म्हणून ते कुठून तरी मिळवावे लागतात.

या ऐकण्याचा निम्मा भाग स्वतःलाही करता येतो. आठवड्यातून एकदा मोबाइलवर दोन मिनिटे वाजवून ठेवावे, एकदा डाव्या हाताच्या बाजूने, एकदा समोरून, आणि लगेच न पाहता दुसऱ्या दिवशी पाहावे. वाजवताना निर्दोष वाटलेली लय रेकॉर्डिंगमध्ये कॉर्ड बदलाच्या आधी हमखास रेंगाळलेली आढळते. आपल्याला ताल कळतो, त्यामुळे हा दोष आपण इतरांपेक्षा लवकर पकडाल. सराव रोज वीस-पंचवीस मिनिटांचा असावा. रविवारी तीन तास बसण्याने बोटे सुजतात आणि सोमवारी गिटार हातात घ्यावीशी वाटत नाही. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे साधन) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून सुरुवात करावी, आणि सलग तीनदा स्वच्छ वाजल्याखेरीज वेग वाढवू नये.

वयाची काळजी करू नये. मुलांची बोटे लवकर वळतात, पण सांगितलेले कारण समजून घेऊन त्याप्रमाणे सराव करणे प्रौढ विद्यार्थ्यांना अधिक चांगले जमते, आणि साथीपुरत्या वादनासाठी ते पुरते.

तर क्रम असा ठेवावा, असे मी सुचवतो. प्रथम गिटार तपासून सेटअप करून घ्यावा, मग शिक्षक गाठावा. पहिल्या भेटीला आपले अडणारे एखादे गाणे घेऊन जावे, ते अडते तिथपर्यंत वाजवून दाखवावे आणि ‘मला सध्या नवे गाणे नको आहे, माझा हात कुठे चुकतो ते पाहा’ असे स्पष्ट सांगावे. जो शिक्षक पूर्ण ऐकून घेईल, आपल्याला मध्येच थांबवून बोट किंवा कोपर हलवायला लावेल आणि घरी करायला एकच गोष्ट देईल, त्याच्याकडे राहावे. जो न ऐकता लगेच पुढचे गाणे लिहून देईल, त्याच्याकडे पुन्हा जाण्याची गरज नाही, कारण ते काम व्हिडिओ आधीच करत आहेत. सहा-आठ भेटींनंतर शिकवणी थांबवून तीन-चार महिने एकटीने वाजवावे, आणि नवी अडचण आली की तेवढ्यापुरते पुन्हा जावे. जीची करंगळीवाली पद्धत आणि नटची तपासणी या दोन गोष्टी मात्र आजच करून पाहा, आणि पहिल्या फ्रेटवर फट किती निघाली ते इथे कळवा. त्यावरून तारा बदलून भागेल की नट घासून घ्यावा लागेल, हे मला सांगता येईल.